प्रतिसाद: चूक कॅमेऱ्याची नव्हती

"कॅमेऱ्याने नंबर चुकीचा वाचला, त्यात पोलिसांचा काय दोष" हे म्हणणं अजिबात पटलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यातल्या ऑरोरा शहरात पोलिसांनी चोरीची समजून एक गाडी थांबवली, तेव्हा पाट्या वाचणाऱ्या कॅमेऱ्यातला नंबर चोरीच्या वाहनाशी जुळलाच होता. पण चोरीला गेली होती मोंटाना राज्याची मोटरसायकल, आणि समोर होती कोलोराडोची एसयूव्ही! नुसती पाटी नीट बघितली असती तरी पुरे होतं. त्याऐवजी पोलिसांनी गाडीतल्या चार मुलींना भर उन्हात पालथं झोपवलं. धाकटी सहा वर्षांची, डोक्यावर गुलाबी मुकुट.

फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ लाख डॉलर भरपाई ठरली, पण ती शहराकडून. खरं तर जून २०२० पासून कोलोराडोत असा कायदा आहे, की आपली कृती कायदेशीर आहे असं प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे न मानता वागलेल्या पोलिसाच्या स्वतःच्या खिशातून भरपाईच्या पाच टक्के किंवा २५,००० डॉलर, यातली कमी असेल ती रक्कम वसूल होऊ शकते. माझ्या मते ही मर्यादा फारच तोकडी आहे.