मदत हवी आहे: ऑपरेशन मेंदूचं, मग हार्टचं पंपिंग ३५ कसं?

घाटमाथा, सोमवार रात्री ११:४०
आई ५६ वर्षांची, आयसीयूत आहे. मेंदूचं झालंय सगळं, पण आज इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, केला तर पंपिंग ३५ टक्केच म्हणतात. हार्टचा त्रास तिला कधीच नव्हता. बीपीची गोळी दहा वर्षं चालू होती, ती बंद केलीय आणि उलट बीपी वाढवायचं औषध लावलंय. वरचं १७० हवंय म्हणे. मागच्या मंगळवारी हेच लोक १४० च्या वर जाऊ देत नव्हते! अँजिओग्राफी करा म्हटलं तर नको म्हणतात. पुण्याला हलवू का? लवकर सांगा.

रानजाई
'मेंदूचं झालंय' म्हणजे नेमकं काय? अपघात, गाठ की रक्तस्राव? व्हेंटिलेटरवर आहेत का?

बाबूराव_सातारा
आमच्या वडिलांना अटॅक आला, दोन स्टेंट टाकले, तिसऱ्या दिवशी चालायला लागले. पंपिंग ३५ म्हणजे ब्लॉकेज असणारच. अँजिओग्राफीचा आग्रह धरा.

रानजाई
बाबूराव, थांबा हो. मेंदूत ताजं रक्त सांडलेलं असेल तर स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या जिवावर बेततील.

निळी_छत्री
महात्मा फुले योजनेत बसतंय का बघा. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड घेऊन भेटा.

घाटमाथा
पैशाचं नाही विचारलं हो. मंगळवारी भाकरी थापताना 'डोकं फुटतंय' म्हणाली आणि परातीशेजारीच आडवी झाली. फुगलेली नस फुटली होती. बुधवारी मांडीतून तार घालून त्या फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, टाकून तो बंद केला. व्हेंट नाही.

शुश्रूषा_१४
मी न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे. कॉइलच्या आधी बीपी दाबून ठेवतात, कारण नस पुन्हा फुटायची भीती असते. कॉइलनंतर ती भीती बरीच कमी होते. पण साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या नसा आकसतात. तेव्हा पुढे रक्त पोचावं म्हणून बीपी वर नेतात. तेही नुसती कॉइल झाली म्हणून नाही, पेशंटमध्ये फरक दिसला तर. आईंच्या बोलण्यात, हातापायांत काही बदल?

हार्टचं म्हणाल तर असा रक्तस्राव झाला की अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं एकदम उसळतात आणि हृदयाचा स्नायू बधिर होतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं ट्रोपोनिन वाढतं, ईसीजी अटॅकसारखा दिसतो. बहुतेकांचं काही दिवसांत, काहींचं काही आठवड्यांत सुधारतं.

घाटमाथा
काल दुपारपासून तिला शब्द सापडेनात, उजवा हातही ढिला. मला वाटलं औषधाची गुंगी. कानशिलाला जेल लावून रोज एक मशीन धरतात, ते कशाला?

शुश्रूषा_१४
भाऊ, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! बीपी त्यासाठीच वाढवलंय. ते मशीन म्हणजे डॉपलर, आकसलेल्या नसेतून रक्त वेगाने धावतं ते त्यात दिसतं.

बाबूराव_सातारा
पण ३५ च्या हार्टवर बीपी वाढवायचं म्हणजे थकल्या बैलाला चाबूक.

शुश्रूषा_१४
शंका रास्त आहे, म्हणून तर इको पुन्हा पुन्हा करतात. मनगटाच्या धमनीत सतत बीपी दाखवणारी नळी, आर्टेरियल लाइन, असते, फुफ्फुसात पाणी भरतंय का तेही बघतात. घाटमाथा, उद्याचा इको कधी ते विचारा.

घाटमाथा
मनगटात लाइन आहे. संध्याकाळी कॉट उंच केली तर आकडा १६० चा १७० झाला. मग सिस्टरांनी त्या लाइनची स्टँडवरची बीपी मोजायची डबी वर सरकवली, परत १६०. मी घाबरलो.

शुश्रूषा_१४
त्यांनी बरोबर केलं. डबी हृदयाच्या रेषेत हवी. साडेतेरा सेंटीमीटर खाली राहिली की आकडा १० ने जास्त दिसतो.

रानजाई
या दिवसांत हलवण्याचा धोका मोठा आहे. आधी सीटी आणि इकोची सीडी पुण्याच्या न्यूरोसर्जनना दाखवा, आईंना तिथेच राहू द्या.

घाटमाथा, मंगळवार सकाळी ६:३५
भाऊ सीडी घेऊन निघालाय. दर चार तासांनी निमोडिपिनच्या, म्हणजे नसा आकसण्यावरच्या औषधाच्या, दोन गोळ्या देतात, त्यानंतर बीपी धाडकन १३० वर येतं. हे चालतं का?

शुश्रूषा_१४
नाही, त्याने सगळी मेहनत वाया जाते. दर दोन तासांनी एक गोळी देतात अशा वेळी. तुम्ही बदलायला सांगू नका, बीपी पडतंय एवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

घाटमाथा
सातला आत सोडतात. पहिलं हेच विचारतो.