मदत हवी आहे : मिंगो काउंटीत ॲन्स हॅटफील्ड सापडत नाही

घाईत_आहे : हॅटफील्ड-मॅकॉय वैरावरच्या (एकोणिसाव्या शतकातलं दोन अमेरिकन घराण्यांचं वैर) लेखासोबत वंशावळ द्यायची आहे. ॲन्डरसन ऊर्फ ॲन्स हॅटफील्डची जनगणनेतली नोंद हवी. मिंगो काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) टाकली की शून्य. काउंटी काढली की एक ॲन्डरसन येतो, पण बायको भलतीच. मजकूर उद्या द्यायचाय, जाणकारांनी पटकन सांगा.

दप्तरी : साल कुठलं? राज्य कुठलं? भलती म्हणजे कोण?

घाईत_आहे : १८८०, अजून कुठलं असणार! राज्य वेगळं टाकावं लागतं का?

टगकाठ : लागतं, सगळी गोम तिथेच आहे. मिंगो १८९५ साली लोगनमधून फुटून निघाली, १८८० मध्ये ती नव्हतीच. लोगन, वेस्ट व्हर्जिनिया टाका. १८६० बघायचं असेल तर लोगन, व्हर्जिनिया, कारण वेस्ट व्हर्जिनिया १८६३ चं. तुम्हाला मिळाला तो बहुतेक टग नदीपलीकडचा, पाइक काउंटी, केंटकीतला 'प्रीचर ॲन्स'. दोन घराण्यांतला डुकराच्या मालकीचा १८७८ चा खटला त्याच्यासमोर चालला. तुमचा 'डेव्हिल ॲन्स', जन्म १८३९, बायको लेव्हिसी चॅफिन. तिचं स्पेलिंग दर दप्तरात वेगळं, म्हणून पहिली दोनच अक्षरं टाकून पुढे फुली (*) द्या. १८७० मध्ये नात्याचा रकाना नाही, तो १८८० पासून. म्हणजे १८७० च्या यादीवरून कोण कुणाचा मुलगा ते ठरवू नका.

सूचीवाला : एवढा खटाटोप कशाला? साउंडेक्स लावा, म्हणजे उच्चारावरून केलेला आडनावाचा कोड. हॅटफील्ड एच-३१४, मॅकॉय एम-२००.

दप्तरी : १८८० च्या साउंडेक्समध्ये फक्त दहा वर्षांपर्यंतची मुलं असलेली घरं आहेत. पूर्ण सूची फुकट मिळत असताना तो कशाला? आणि १८९० च्या वाटेला जाऊच नका. १९२१ च्या आगीत आणि नंतरच्या विल्हेवाटीत ती जवळजवळ सगळी गेली.

लाकूडतोड्या : लेखात डुकराला फार भाव देऊ नका. खरं कारण जमीन आणि लाकूड. पेरी क्लाइनची टग नदीकाठची ५,००० एकर जमीन डेव्हिल ॲन्सकडे गेली. तोच क्लाइन पुढे पाइकव्हिलमध्ये वकील झाला आणि मॅकॉय भावांच्या १८८२ च्या खुनांची थंड पडलेली प्रकरणं त्यानेच उकरून काढली. लोगन कोर्टातली जमिनीची पुस्तकं बघा, म्हणजे त्यांचा सात-बाराच.

दप्तरी : सात-बारा नव्हे हो! तो महसुली उतारा. ही नोंदवलेली खरेदीखतं, आपल्या इंडेक्स टू च्या जवळची. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सूची वेगळी, दोन्ही चाळा.

लाकूडतोड्या : बरं, इंडेक्स टू. मुद्दा जमिनीचाच ना?

टगकाठ : मग जानेवारी १८६५ मध्ये आसा हार्मन मॅकॉयला मारलं, ते कुठल्या जमिनीवरून? तो यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातून परतला होता. एकच कारण धरून बसलात तर निम्मं वैर निसटतं.

कोळसेवाला : विचारलं नाहीये, तरी सांगतो. मेटवानचा गोळीबार लेखात हवाच. १९ मे १९२०, दहा मृत, त्यात खाणमालकांच्या बाजूचे सात डिटेक्टिव्ह. पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड. १ ऑगस्ट १९२१ ला वेल्शच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याला मारलं.

दप्तरी : तो कामगारांचा लढा, या वैराचा भाग नाही. आडनावावरून गोवू नका. मेटवानसाठी मात्र मिंगोच टाकायची. वेल्श मॅकडॉवेल काउंटीत.

घाईत_आहे : लोगनमध्ये मिळाला!! बायकोही तीच. आता त्या तिघा भावांची मृत्युनोंद कुठे?

दप्तरी : कुठले तिघे?

घाईत_आहे : झुडपांना बांधून गोळ्या घातल्या ते.

टगकाठ : म्हणजे टॉल्बर्ट, फार्मर आणि बड मॅकॉय, ऑगस्ट १८८२. केंटकीत राज्यभर सलग मृत्युनोंद १९११ पासून. आधीची काउंटीवार दप्तरं तुटक, त्यात १८८२ ची आशा धरू नका. पाइक सर्किट कोर्टाची आरोपपत्रं शोधा. बड हे घरगुती नाव, कागदावर 'रँडॉल्फ' असेल. बापाचंही नाव तेच, तेव्हा वय बघूनच घ्या.