को-जन टर्बाईन रोटरचा ग्रूव्ह, 510 डिग्री: फटीग स्ट्रेंग्थ नेमकी कशी धरायची?

हंगामी_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी, साखर कारखान्याच्या को-जनला (बगॅस जाळून वाफ आणि वीज करणारा प्लांट) मेंटेनन्स बघतो. स्टीम 87 बार, 510 डिग्री. गाळप संपल्यावर केसिंग उघडून रोटर बाहेर काढला तर पहिल्या स्टेजच्या चाकाशेजारी जो हीट ग्रूव्ह (रोटरभोवती कोरलेली खाच) आहे त्याच्या तळाला परिघाच्या दिशेने बारीक क्रॅक दिसतायत. ग्रूव्ह 3 एमएम खोल, तळाचा रेडियस 1 एमएम, मटेरियल 1 टक्का क्रोम-मोली-व्हॅनेडियम फोर्जिंग. मी पीटरसनच्या फॉर्म्युल्याने नॉच सेन्सिटिव्हिटी (खाचेचा फटीगवर किती परिणाम होतो ते) काढली, त्यावरून केएफ (खाचेमुळे फटीग स्ट्रेंग्थ किती पट घटते तो आकडा) काढला, हँडबुकातल्या फटीग लिमिटला (ज्याच्या खाली कितीही सायकल झाले तरी क्रॅक येत नाही तो स्ट्रेस) त्याने भागलं आणि रोटरच्या बेंडिंग स्ट्रेसशी ताडून बघितलं तर मार्जिन भरपूर येतंय. मग क्रॅक आले कुठून? तापमानासाठी वेगळा फॅक्टर लावायचा असतो का?

क्रीपवाला_पुणे:
फॅक्टर लावून सुटणारं गणित नाहीये हे. पीटरसनची ती सेन्सिटिव्हिटी रूम टेंपरेचरच्या, लाखो सायकलच्या टेस्टवरून आलीय, आणि तुम्ही ती ज्या बेंडिंगला लावली ते म्हणजे रोटर स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो ते, तो स्ट्रेस मुळातच किरकोळ असतो त्यामुळे मार्जिन येणारच. तुमचा खरा सायकल म्हणजे एक स्टार्ट आणि एक स्टॉप. दुसरं म्हणजे स्टील साधारण 1800 केल्विनला वितळतं, त्याच्या 0.4 पट म्हणजे 720 केल्विन, म्हणजे 450 डिग्रीच्या आसपास, त्याच्या वर गेलात की किती सायकल झाले याच्याबरोबर किती तास त्या तापमानाला काढले हेही मोजावं लागतं. रूम टेंपरेचरला एस-एन कर्व्ह (स्ट्रेस आणि किती सायकल टिकतं याचा आलेख) जसा आडवा होतो तसा 510 ला होईल असं धरूच नका, क्रीप (गरम धातू लोडखाली हळूहळू ताणला जाणं) आणि ऑक्सिडेशन चालू राहतं.

आता ग्रूव्हच्या तळाला काय होतं बघा. कोल्ड स्टार्टला वरचा थर पटकन तापतो, आतला गाभा थंड असतो, त्यामुळे वरचा थर दाबला जातो आणि ग्रूव्हच्या तळाला तो कॉम्प्रेशनमध्येच यील्ड होतो, म्हणजे कायमचा दबतो. तासाभरात रोटर आतपर्यंत सारखा तापला की तोच दाबला गेलेला थर आता टेन्शनमध्ये ओढला जातो, आणि मग दिवसचे दिवस 510 ला ते टेन्शन क्रीपने हळूहळू सैल होत राहतं. तिथे क्रीप डॅमेज साठतं. पुढच्या ट्रिपनंतर परत स्टार्ट घेतला की ते टेन्शन पुन्हा ताजं. म्हणून ट्रिप किती झाल्या हे रनिंग अवर्सइतकंच महत्त्वाचं आहे, लॉगबुकातून कोल्ड, वॉर्म, हॉट असे स्टार्ट वेगळे काढा.

आकड्यात सांगतो. पृष्ठभाग आणि रोटरचं सरासरी तापमान यात 60 डिग्री फरक पडला तर साधारण 200 मेगापास्कल थर्मल स्ट्रेस येतो. 3 एमएम खोली आणि 1 एमएम रेडियसला केटी (खाचेच्या तळाला स्ट्रेस किती पट वाढतो तो आकडा) ढोबळमानाने 4.46. न्यूबरच्या नियमाने (यील्ड झालेल्या खाचेतला स्ट्रेन काढायची पद्धत) केटी गुणिले स्ट्रेस याचा वर्ग भागिले ई (स्टीलचा ताठरपणा, गरम स्टीलचा 170 गिगापास्कल धरू) म्हणजे 4.68 मेगापास्कल, हा झाला तळाच्या स्ट्रेस आणि स्ट्रेनचा गुणाकार. यील्ड स्ट्रेस 400 मेगापास्कल धरला तर स्ट्रेन 1.17 टक्के. एका स्टार्टला एवढा स्ट्रेन म्हणजे क्रॅक यायला फार हंगाम लागत नाहीत. तोच रेडियस 3 एमएम असता तर केटी 3 आणि स्ट्रेन 0.53 टक्के. हे ढोबळ आहे, खऱ्या कामाला थर्मल ट्रान्झियंट एफईए (स्टार्टअपमध्ये बदलत्या तापमानाचं कॉम्प्युटरवरचं गणित) करा, पण दिशा हीच निघेल.

नॉच_अभ्यासक:
वरच्याशी सहमत, थोडी भर घालतो. लोक स्ट्रेन-लाइफ कर्व्हवरून (एवढ्या स्ट्रेनला किती सायकल टिकतं याचा आलेख) फटीगने खाल्लेला आयुष्याचा वाटा काढतात, रॉबिन्सनच्या नियमाने (त्या स्ट्रेसला काढलेले तास भागिले तुटायला लागणारे तास) क्रीपचा, आणि बेरीज 1 च्या आत आली की खूश होतात. ते पुरेसं नाही. एएसएमईच्या हाय टेंपरेचर न्यूक्लियर कोडमध्ये 316 स्टेनलेसला ती हद्द फटीग 0.3 आणि क्रीप 0.3 वर आत वाकते, आणि सुधारित 9 क्रोम स्टीलला तर फटीग 0.1, क्रीप 0.01 वरच. म्हणजे दोघं मिळून एकेकट्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतात. तुमच्या मटेरियलला हे आकडे उचलून लावू नका, त्याचा स्वतःचा होल्ड-टाइम डेटा (प्रत्येक सायकलमध्ये लोड धरून ठेवून केलेल्या टेस्टचा) शोधा.

नॉचसाठी पाडोव्हाच्या लाझारिन यांची पद्धतही बघण्यासारखी आहे, तळाचा एकच पॉइंट न बघता त्याच्याभोवती ठरावीक छोट्या भागातली सरासरी स्ट्रेन एनर्जी घ्यायची. वेगवेगळ्या रेडियसचे नमुने त्यात एका पट्ट्यात येतात, मला ती फार आवडते. मात्र त्या भागाचा आकार त्याच तापमानाच्या टेस्टवरून ठरवायचा, आणि लॅबमधल्या टेस्ट बहुतेक काही हर्ट्झवर, होल्ड न ठेवता झालेल्या असतात. तुमचा होल्ड दिवसांचा आहे.

हंगामी_मेंटेनन्स:
खूप आभार सर, आता उलगडा झाला, स्टार्टअपचा विचारच नव्हता केला. एक शंका. क्रॅक काढायला 1 एमएम कट घ्यावा लागेल असं वाटतंय, मग खोली 4 होणार. फायदा राहील का?

ओव्हरहॉल_दादा:
राहील, रेडियस त्याच वेळी 3 केलात तर. केटी सुमारे 3.3 आणि वरच्याच हिशोबाने स्ट्रेन 0.64 टक्के, आत्तापेक्षा जवळपास निम्मा. पण 1 एमएम आधीच ठरवून बसू नका. लेथवर पाव एमएमचे कट घ्या, प्रत्येक कटनंतर पॉलिश करून फ्लोरोसंट एमपीआय (चुंबकीय कणांनी क्रॅक शोधायची टेस्ट) करा. नुसत्या डाय पेनेट्रंटवर (क्रॅकमध्ये रंग शिरवून बघायची टेस्ट) जाऊ नका, क्रॅकमध्ये ऑक्साईड गच्च बसलेला असतो, डाय आत शिरत नाही आणि रोटर साफ आहे असं वाटतं. शेवटचा क्रॅक गेल्यावरही अजून एक हलका कट घ्या, थकलेला थर निघून जाऊ दे. तळाची हार्डनेस शेजारच्या चांगल्या भागाशी ताडून बघा, हे स्टील सायकलने मऊ पडतं. रेप्लिका (पृष्ठभागाचा फिल्मवर घेतलेला ठसा) घेऊन मायक्रोस्कोपखाली कॅव्हिटी (क्रीपने पडलेली सूक्ष्म छिद्रं) दिसतात का तेही बघा, दिसल्या तर उरलेलं आयुष्य नुसत्या लेथने परत मिळत नाही. कमी झालेल्या डायमीटरला टॉर्शन आणि क्रिटिकल स्पीड डिझायनरकडून लेखी तपासून घ्या.

आणि पुढच्या हंगामात स्टार्टअप कर्व्ह पाळा. बगॅस फीडिंग अडकून ट्रिप झाली की वरून फोन येतात, लवकर लोड घ्या म्हणून. तेव्हा ऑपरेटरसमोर केसिंग मेटल आणि स्टीमच्या तापमानातला फरक स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिसला पाहिजे आणि हद्द ओलांडली की लोड वाढवायचं थांबवण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे. फरक 60 चा 40 झाला तर स्ट्रेस 200 चा 135 च्या आसपास येतो, आणि न्यूबरमध्ये तो वर्गात जातो, त्यामुळे स्ट्रेन निम्म्याहून खाली. तेवढ्यासाठी रॅम्पचा थोडा जास्त वेळ द्यायला मॅनेजमेंट तयार होईल, हे आकडे मांडून दाखवा.