सपाट तळवा दिसला की स्टॅबिलिटी बूटच घ्यावेत का?

चर्चेचा प्रस्ताव (पर्वरी)

रस्त्यावरच्या रोजच्या सरावासाठी बूट घ्यायला गेले की बहुतेक ठिकाणी ओला पाय कागदावर ठेवायला सांगतात आणि ठशात तळव्याची कमान दिसली नाही की स्टॅबिलिटी बूट, म्हणजे पाऊल आत कलणे रोखणारा आधार असलेले बूट, पुढे करतात. ही पद्धत आता मोडीत काढावी, असे माझे मत आहे. उभ्या माणसाच्या पायाचा ठसा धावताना पाऊल कसे वागते याविषयी फारसे काही सांगत नाही. शिवाय पाऊल टेकल्यावर थोडे आत कलणे हा दोष नसून धक्का पचवण्याची शरीराची स्वतःची रीत आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधील अभ्यासात ९२७ नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे न्यूट्रल, म्हणजे असा आधार नसलेले, बूट देऊन वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. ज्यांची पावले आत कलत होती, त्यांना त्यामुळे अधिक दुखापती झाल्याचे त्यात आढळले नाही. अमेरिकेच्या लष्कर, हवाई दल आणि मरीन कोअर यांच्या प्रशिक्षणार्थींना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले, तेव्हाही दुखापतींच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. असे असताना केवळ एका ओल्या ठशाच्या भरवशावर दहा हजारांहून अधिक रुपये का मोजावेत?

प्रतिसाद (मडगाव)

आपण सैन्याचा दाखला दिलात, पण त्यातील अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या प्रयोगांत तुलनेसाठी जो दुसरा गट होता, त्यातील सर्वांना, कमान उंच असो वा सपाट, सरसकट स्टॅबिलिटी बूटच दिलेले होते. म्हणजे त्यातून ठशाची चाचणी निरुपयोगी ठरते हे मान्य. परंतु स्टॅबिलिटी बूट निरुपयोगी ठरत नाहीत. उलट ते सर्वांना देऊनही कोणाचे बिघडले नाही, असाही त्याचा अर्थ लावता येईल.

दुसरे असे की, लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आपण वगळलात. एकाच बुटाच्या दोन आवृत्त्या, एक साधी आणि एक पाऊल आत कलणे रोखणारी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून सहा महिने दुखापती नोंदवल्या गेल्या. आधार असलेल्या बुटांच्या गटात दुखापती कमी झाल्या आणि हा लाभ प्रामुख्याने आत कलणाऱ्या पायांनाच मिळाला. डेन्मार्कच्या अभ्यासात सर्वांच्या पायांत न्यूट्रल बूटच होते; आधाराचे बूट घातले असते तर काय झाले असते, हा प्रश्न तिथे विचारलाच गेला नव्हता.

प्रतिसाद (फोंडा)

दोघेही पायाविषयी बोलत आहात, रस्त्याविषयी कोणीच नाही. आपल्याकडे गोव्यात पावसाळा सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो, त्यामुळे रस्ता मध्ये उंच ठेवून पाणी दोन्ही कडांना काढून द्यावे लागते. पदपथ नसलेल्या रस्त्यावर आपण समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने धावतो आणि ती कड उजवीकडे उतरती असते. परिणामी डावे पाऊल रोज आत कलते आणि उजवे बाहेर. आपल्या जुन्या बुटांचे तळ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. टाचेची बाहेरची कड झिजलेली असणे अगदी सामान्य आहे, परंतु दोन्ही तळ वेगवेगळ्या तऱ्हेने झिजले असतील तर पायाला नावे ठेवण्यापूर्वी वाट बदलून पाहावी. पणजीजवळचा मिरामार ते दोना पावल हा बराचसा सपाट पट्टा अशा पडताळणीला बरा आहे. आल्तिनो टेकडीचा चढउतार नव्हे.

प्रतिसाद (वास्को)

बूट कोणताही घ्या, पावसात तो एकच असून भागत नाही. आज भिजलेला जोड आतला तळ काढून आणि वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवला तरी उद्या पहाटे दमटच लागतो. लक्झेंबर्गच्याच संशोधकांच्या २६४ धावपटूंच्या दुसऱ्या पाहणीत आलटूनपालटून वेगवेगळे बूट वापरणाऱ्यांना दुखापती कमी झाल्याचे दिसले होते. एका महाग जोडापेक्षा मध्यम किमतीचे दोन परवडले. शेवाळलेल्या पेव्हरवर तर आतल्या आधारापेक्षा तळाच्या रबराची पकड अधिक महत्त्वाची, पण दुकानात तिच्याविषयी कोणी विचारतही नाही.

प्रस्तावकाचे उत्तर (पर्वरी)

मडगावच्या सदस्यांचा लक्झेंबर्गचा मुद्दा वजनदार आहे, पण तो एकाच बुटाच्या दोन आवृत्त्यांविषयीचा आहे आणि आता स्टॅबिलिटी या नावाखाली एकच वस्तू मिळत नाही. १९९३ पासून चालत आलेल्या आसिक्स कंपनीच्या जेल-कायानो या स्टॅबिलिटी बुटातील आतल्या बाजूचा घट्ट फोम २०२३ च्या ३० व्या आवृत्तीत काढून टाकला गेला. आता रुंद तळ आणि कमानीखालचा मऊ, उसळणारा फोम यांवर भर आहे. ब्रूक्सच्या अॅड्रेनलाइनमध्ये टाचेच्या दोन्ही अंगांना कठडे असतात, तर होकाच्या अराहीमध्ये इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची घट्ट फोमची पट्टी टाचेला वळसा घालते. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक कायानोच्या त्या ३० व्या आवृत्तीत सुमारे १० मिलिमीटर, तर अराही ७ मध्ये सुमारे ५. ज्याची पोटरी आधीच आखडलेली आहे, त्याला हा फरक कमानीच्या आधारापेक्षा आधी जाणवेल. तेव्हा डब्यावरचे नाव बाजूला ठेवून, पाय थोडे सुजलेले असतात अशा संध्याकाळच्या वेळी, स्वतःचे मोजे घालून, दुकानाबाहेर पाच मिनिटे धावून पाहावे आणि कमानीला काही टोचत नसेल तोच जोड घ्यावा.

प्रतिसाद (मडगाव)

नव्या बुटांविषयीचे आपले वर्णन मान्य आहे, पण पाच मिनिटांचा आराम हा निकष मला अपुरा वाटतो. मऊ फोम दुकानाच्या दारात सर्वांनाच सुखावतो. तोच दहाव्या किलोमीटरला, पाय थकल्यावर, आत दबू लागतो. ज्याला काहीच दुखत नाही त्याने आपल्या पद्धतीने खुशाल निवडावे. परंतु ज्याच्या नडगीची आतली कड दर मोसमात दुखते आणि थकल्यावर ज्याचा घोटा आत झुकताना मागून धावणाऱ्यालाही दिसतो, त्याला मी आधी स्टॅबिलिटी बूटच दाखवीन आणि त्यांतील कोणता आरामदायी, हे मग त्याला ठरवू देईन.