मदत हवी आहे: आठवीतली मुलगी जेवण चुकवतेय

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दिवाळीनंतर लेकीने आधी भात सोडला, मग तेल-तूप. रविवारी पांढरा रस्सा उकळायला लागला की ही रंकाळा तलावावर फेऱ्या मारायला पसार. परवा दप्तर झाडताना वहीच्या कव्हरात घडी घातलेली अर्धी चपाती निघाली, पापडासारखी कडक.

चार महिन्यांत ४३ किलोवरून ३६. दोन महिने पाळी नाही, भर दुपारी स्वेटर. सासूबाई म्हणतात, वयात येताना पोरी असंच करतात. आमच्या डॉक्टरांनी भुकेचं टॉनिक दिलं. पण भूक गेलीय कुठे? आमच्यासाठी हौसेने केक करते, स्वतः बोटसुद्धा चाटत नाही!

लक्षणं ॲनोरेक्सियाची, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं टाळायच्या मानसिक आजाराची वाटतात. नाडी, पोटॅशियम, ईसीजी तपासावं लागतं आणि उपाशी शरीराला एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं असतं, एवढं वाचलंय. त्यामुळे घरच्या घरी प्रयोग करायची भीती वाटते.

इथल्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत मुलांना कुणी दाखवलंय का? आईवडिलांना सोबत घेऊन करतात ती फॅमिली बेस्ड थेरपी कोल्हापुरात कुणी देतं का, की पुणंच गाठावं? आणि ताटावर बसल्यावर तुम्ही नेमकं काय बोलायचात? माझं रोज भांडणच होतंय.