चेनसॉची इग्निशन कॉइल बदलायची आहे: जुळणारी कॉइल नेमकी कशी ओळखावी?

नमस्कार.

माझ्याकडे सुमारे ५० सीसीचा टू-स्ट्रोक चेनसॉ आहे. थंड असताना तो दोन-तीन ओढींत सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटे पूर्ण ताकदीने चालतो आणि मग कापता कापता, स्विच बंद केल्यासारखा, एकदम थांबतो. त्यानंतर कितीही दोरी ओढली तरी प्लगला करंट येत नाही. इंजिन पूर्ण निवले की करंट परत येतो आणि तोच प्रकार पुन्हा घडतो.

इंधन टाकीचा व्हेंट (हवा आत घेणारे छिद्र) तुंबला तरी मशीन गरम झाल्यावर बंद पडते, म्हणून आधी तो संशय दूर केला. मशीन थांबताक्षणी टाकीचे झाकण सैल केले, पण फरक पडला नाही. लगेच दुसरा चांगला प्लग कॅपला लावून, प्लगच्या भोकापासून दूर, त्याची बॉडी सिलिंडरला घट्ट टेकवून दोरी ओढली, तेव्हा ठिणगी अजिबात दिसली नाही. किल स्विचची (इंजिन बंद करण्याच्या स्विचची) वायर बॉडीला घासून अर्थिंग होत असेल या शंकेने ती कॉइलपाशीच काढून पुन्हा पाहिले, तरीही ठिणगी नव्हती. मशीन थंड असताना मात्र त्याच प्लगवर जाड, निळसर ठिणगी पडते. यावरून कॉइलमधले वेटोळे किंवा इलेक्ट्रॉनिक भाग गरम झाल्यावर साथ सोडतो आहे, असा निष्कर्ष मी काढला आहे.

अडचण पुढे आहे. मॉडेलची पाटी झिजली आहे आणि कॉइलवरच्या पार्ट नंबरातले शेवटचे काही आकडेच वाचता येतात. मला ‘हीच बसेल’ असे सांगून तीन वेगवेगळ्या कॉइल सुचवण्यात आल्या. तिन्हींचे दोन्ही स्क्रू माझ्या मशीनच्या भोकांवर बरोबर येतात, कोअरच्या (कॉइलच्या लोखंडी गाभ्याच्या) पायांची वक्रता फ्लायव्हीलशी (क्रँकवर फिरणाऱ्या चाकाशी) जुळते आणि प्लगची वायरही पुरेशी लांब आहे. बाहेरून पाहता फरक इतकाच की एका कॉइलच्या कोअरला दोनऐवजी तीन पाय आहेत आणि दुसऱ्या एकीची किल वायर लावण्याची पट्टी विरुद्ध बाजूला आहे.

माझा मुख्य प्रश्न असा आहे की, बसणारी कॉइल आणि जुळणारी कॉइल यांत फरक असेल, तर तो ओळखायचा कसा? दोन पायांच्या जागी तीन पायांची कॉइल चालते का? टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, कॉइल ठरवते की फ्लायव्हील? आणि कॉइलमध्येच वेगमर्यादा बसवलेली असते असे वाचले आहे, ती माझ्या जुन्या कॉइलमध्ये आहे की नाही हे कसे कळेल? चुकीच्या टायमिंगमुळे पिस्टन खराब व्हावा अशी माझी इच्छा नाही, म्हणून घाई न करता विचारतो आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

आपण तपासणी योग्य क्रमाने केली आहे, विशेषतः मशीन गरम असतानाच ठिणगी पाहिली हे फार बरे झाले. बहुतेक जण मशीन निवल्यावर करंट पाहतात, तो मिळतो, आणि मग दोष नसलेला कार्बोरेटर उघडला जातो.

आता कॉइलविषयी. चेनसॉमध्ये बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये बसवलेले मॅग्नेट कॉइलच्या पायांसमोरून जाताना जी वीज तयार होते, तिच्यावरच सगळे चालते. ठिणगी केव्हा पडायची हे आतला इलेक्ट्रॉनिक भाग त्या विजेच्या चढउतारावरून ठरवतो. त्यामुळे टायमिंग एकट्या कॉइलचे नसते आणि एकट्या फ्लायव्हीलचेही नसते. क्रँकवरच्या कीच्या (फ्लायव्हील जागेवर धरणाऱ्या छोट्या पाचरीच्या) तुलनेत मॅग्नेट कुठे आहे, त्याचा उत्तर ध्रुव कोणत्या बाजूला आहे, कॉइलचे पाय किती अंतरावर आहेत आणि आतले सर्किट कोणत्या क्षणी ठिणगी सोडते, या सर्वांची मिळून ती वेळ ठरते. म्हणून कॉइल आणि फ्लायव्हील ही जोडी मानावी. स्क्रूची भोके जुळली म्हणजे कॉइल बसते, एवढाच त्याचा अर्थ.

तीन पायांची कॉइल मी आपल्या जागी असतो तर पहिल्यांदा बाजूला ठेवली असती. तिच्या पायांचे अंतर तिच्या स्वतःच्या फ्लायव्हीलच्या मॅग्नेटप्रमाणे ठरवलेले असते. आपल्या फ्लायव्हीलवर ती ठिणगी देईलही, पण योग्य वेळी देईल याची खात्री नाही. ध्रुव उलटे असतील तर ठिणगी कमजोर पडते किंवा भलत्या वेळी पडते. किल वायरच्या पट्टीची बाजू मात्र गौण आहे. वायर फ्लायव्हीलला न घासता तिथपर्यंत पोचत असेल तर त्यावरून कॉइल नाकारू नये.

मॉडेल ओळखण्यासाठी पाटीवर अवलंबून राहू नका. स्टार्टर कव्हर, एअर फिल्टरचे कव्हर आणि टाकी यांच्या आतल्या बाजूला ओतीव क्रमांक असतात. उदाहरणार्थ, श्टील कंपनीच्या पार्ट नंबरातले पहिले चार आकडे मालिका सांगतात: ११२३ म्हणजे ०२१, ०२३, ०२५ आणि पुढचे एमएस २१०, २३०, २५०, ११३० म्हणजे ०१७, ०१८ आणि एमएस १७०, १८०. त्यापुढचा ४०० हा इग्निशनचा गट. फ्लायव्हीलवरचा क्रमांक तर अवश्य वाचा, कारण मागे कोणी दुसऱ्या मॉडेलचे फ्लायव्हील बसवले असेल तर मॉडेलप्रमाणे घेतलेली अस्सल कॉइलही चुकीची ठरेल.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. आपली जुनी कॉइल थंड असताना व्यवस्थित चालते, म्हणजे योग्य टायमिंगचा नमुना अजून आपल्याजवळ आहे. तो हातचा जाऊ देऊ नका. फ्लायव्हीलच्या एका पात्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारा. बऱ्याच मशीनमध्ये स्टार्टर कव्हरच्या हवेच्या फटींतून पाती दिसतात. चेन ब्रेक लावून, मशीन आयडलवर ठेवून, प्लगच्या वायरला टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) अडकवा. तिला चालायला बाहेरची १२ व्होल्टची बॅटरी लागते. प्रकाशात रेघ जिथे स्थिर दिसेल त्या जागेसमोर कव्हरवर खूण करा. नवी कॉइल बसवल्यावर त्याच आयडल वेगाला रेघ त्याच खुणेवर आली पाहिजे. नंतर वेग किंचित वाढवून रेघ दोन्ही कॉइलमध्ये सारखीच सरकते का, हेही पाहता येईल. ही तुलना कोणत्याही ‘बसेल’ या आश्वासनापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

लाइट मिळाली नाही तर लक्षणांवर नजर ठेवावी. सुरू करताना दोरी हातातून हिसकली जात असेल तर ठिणगी फार लवकर पडते आहे. मशीनला जोर नसेल आणि सायलेन्सर नेहमीपेक्षा जास्त तापत असेल तर ती उशिरा पडते आहे.

प्रतिसाद २

वरच्या माहितीत वेगमर्यादेचा मुद्दा राहिला आहे आणि माझ्या मते धोका तिथेच जास्त आहे. अनेक मूळ कॉइल ठराविक वेगाला ठिणगी गाळू लागतात, म्हणजे इंजिन त्याच्यावर जात नाही. स्वस्त पर्यायी कॉइलमध्ये ही मर्यादा बहुधा नसते, आणि ‘जास्त वेग’ हा गुण म्हणून तिची जाहिरातही होते. अशी कॉइल लावून लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटल दिला आणि कार्बोरेटरचे मिश्रण पातळ (इंधन कमी, हवा जास्त) असले, तर आवर घालणारे काहीच उरत नाही आणि पिस्टनवर ओरखडे पडतात.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. मर्यादा असलेल्या कॉइलवर वेग गाठला की इंजिनाचा आवाज फुटका येतो, आणि तो मिश्रण घट्ट (इंधन जास्त) असल्यासारखाच ऐकू येतो. त्यावर विसंबून हाय स्क्रू (जास्त वेगाचे इंधन ठरवणारा) आणखी आवळला की मिश्रण पातळ होत जाते, पण आवाज तसाच राहतो. म्हणून कॉइल बदलल्यावर कार्बोरेटर कानाने न लावता टॅकोमीटरने (इंजिनाचा वेग मोजणाऱ्या मीटरने) लावावा आणि वेग मर्यादेच्या खाली ठेवूनच मिश्रण ठरवावे. जुन्या कॉइलला मर्यादा आहे का, हेही टॅकोमीटरनेच कळते. हाय स्क्रू थोडा सैल आणि थोडा आवळलेला अशा दोन्ही स्थितींत वेग एकाच आकड्यावर अडत असेल तर मर्यादा कॉइलमध्ये आहे.

आपले मशीन एम-ट्रॉनिक किंवा ऑटोट्यून (मिश्रण आपोआप लावणाऱ्या) प्रकारचे असेल तर ही सगळी चर्चाच लागू होत नाही. तिथे इग्निशनचा भाग इंधनाचे प्रमाणही सांभाळतो आणि त्या जागी साधी कॉइल चालत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मशीनला हाय आणि लो असे दोन्ही स्क्रू आहेत, त्यामुळे ते साध्या कार्बोरेटरचे आहे. स्टार्टर कव्हरच्या आत क्रमांक सापडला आणि फ्लायव्हीलवरचा क्रमांकही त्याच मालिकेतला निघाला. सुचवलेल्या तीनपैकी दोन पायांची एक कॉइल त्या मालिकेच्या पार्ट नंबराशी जुळते.

मात्र जुनी कॉइल बारकाईने पाहताना एक गोष्ट दिसली. तिच्या एका पायाच्या टोकाला तांदळाएवढा चकचकीत डाग आहे. बाकी पायांवर गंजाचा पातळ थर आहे, पण तेवढीच जागा घासून उजळलेली आहे. नवी कॉइल बसवण्याआधी याकडे लक्ष द्यावे का?

प्रतिसाद १

अवश्य द्यावे. फ्लायव्हील त्या पायाला घासत होते. याची कारणे बहुधा दोन: कॉइल फार जवळ बसवलेली होती, किंवा क्रँकचे बेअरिंग झिजल्यामुळे फ्लायव्हील डगमगते आहे. प्लग काढून फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर आधी बेअरिंग बदला, नाहीतर नवी कॉइलही तशीच घासली जाईल. खेळ नसेल तर बहुधा फक्त गॅप (कॉइलचे पाय आणि फ्लायव्हील यांतले अंतर) नीट लावणे पुरेसे आहे. त्याच वेळी नट सोडून की पाहून घ्या. ती अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग काही अंशांनी सरकते आणि दोष नव्या कॉइलवर येतो.

गॅप साधारण ०.२ ते ०.३ मिमी असतो, तरी आपल्या मालिकेच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण माना. पोलादी फीलर गेज मॅग्नेटला चिकटते आणि माप फसते, म्हणून पितळी गेज किंवा योग्य जाडीची प्लॅस्टिकची पट्टी वापरा. स्क्रू सैल ठेवून मॅग्नेट पायांसमोर आणा, मधे पट्टी घाला, मॅग्नेट कॉइलला स्वतःच ओढून घेईल. मग स्क्रू आवळा आणि पट्टी काढा. फ्लायव्हील पूर्ण फिरवून ते दोन्ही पायांना कुठेच टेकत नाही याची खात्री करा. बसवण्याआधी मॅग्नेटवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करून धूळ पुसून घ्या. जुन्या कॉइलखाली वॉशर किंवा स्पेसर असतील तर तेच पुन्हा वापरा, आणि स्क्रूच्या आट्यांना मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) लावा.

प्रतिसाद २

प्लगही मूळ प्रकारचाच, म्हणजे रेझिस्टर असलेला घ्या. एनजीके कंपनीच्या बीपीएमआर७ए या प्लगच्या नावातला ‘आर’ तेच सांगतो. प्लगचा गॅप या मशीनमध्ये बहुधा ०.५ मिमी असतो. तो वाढला की कॉइलवर अधिक व्होल्टेजचा ताण येतो. कॅप काढून, प्लग न लावता दोरी कधीही ओढू नका, कारण ठिणगीला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडते.

प्रश्नकर्ता

फ्लायव्हीलला खेळ नाही आणि की शाबूत आहे. जुन्या कॉइलवर थंड स्थितीत टायमिंगची खूण करून ठेवली, मालिकेशी जुळणारी कॉइल ०.३ मिमी गॅपने बसवली, आणि आयडलला रेघ त्याच खुणेवर आली. मशीन पूर्ण गरम होईपर्यंत लाकूड कापले, ते थांबले नाही. थांबवल्यावर लगेच प्लग काढून पाहिला, ठिणगी थंड असताना होती तशीच जाड आहे. टॅकोमीटर हाती आल्यावर कार्बोरेटर तपासून तो आकडा इथे लिहीन. तोपर्यंत लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटल देणार नाही.