मदत हवी आहे: जुनं दोन इंजिनांचं विमान घेतोय, रविवारपर्यंत होय-नाही कळवायचंय

हत्तरसंगकर
नमस्कार. एक सेनेका बघून आलोय. रंग, सीटा एकदम चांगल्या, इंजिनं कमी चाललेली. मालक टोकन मागतोय, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतोय. किंमत किती पाडून मागावी? ठेवणार सोलापुरात, होटगी रोडच्या विमानतळावरच. लवकर सांगा.

तेलकट_हात
कुठली सेनेका? साल? ‘कमी चाललेली’ म्हणजे किती तास, आणि ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून नव्यानं करणं) कधीचं? नोंदणी व्हीटी (भारतातली) का परदेशी? उडवणार कोण? याशिवाय भाव कुणी सांगितला तर ऐकू नका.

मुळेगावचा_राजा
विमान कशाला ओ? 2023 पासून वंदे भारत आहे. सकाळी बसा, दुपारी सीएसएमटी.

हत्तरसंगकर
मुंबईचं विचारलेलं नाही. सेनेका टू, 1979 ची, व्हीटी. दोन्ही इंजिनं ओव्हरहॉलनंतर 600 तास. उडवणार धाकटा भाऊ, त्याचं सीपीएल (व्यावसायिक पायलटचं लायसन) आहे. आता किंमत बोला.

जेट_ए_वन
सेनेका सोडा, डायमंड डीए 42 बघा. तिला जेट ए-वन, म्हणजे जेट विमानांचं इंधन चालतं, जिथं एअरलाइन उतरते तिथं मिळतं. सेनेकाला लागणाऱ्या अॅव्हगॅससाठी (विमानाचं पेट्रोल) भाऊ फोन करत बसेल, आणि मिळालं तरी महाग.

तेलकट_हात
जुन्या डीए 42 ला थिलर्टचं इंजिन. 2008 साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा मालकांची पार्टसाठी काय दैना झाली ते आठवा. शिवाय ठरावीक तासांनी गिअरबॉक्स काढायचा.

जेट_ए_वन
नंतरच्या विमानांना ऑस्ट्रोचं इंजिन आहे. सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका.

तेलकट_हात
त्या विमानांची किंमत यांच्या बजेटात बसते का, हे विचारलंत? मूळ प्रश्न सेनेकाचा आहे. ओव्हरहॉलचं साल अजून आलेलं नाही!

सिद्धेश्वर_पेठ
विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी 2023 ला पाडली तेव्हा कुठं होटगी रोडचं घोडं पुढं सरकलं. बोरामणीचं नवं विमानतळ माळढोक पक्ष्यापायी अडकलं. आपल्याकडं सगळं असंच.

हत्तरसंगकर
चिमणी राहू द्या. फोटो मागवले. ओव्हरहॉल 2009. इंजिन लॉगबुकात 2016 नंतर थेट 2021, मध्ये एकही नोंद नाही. मालक म्हणतो विमान हँगरात नीट झाकून होतं, समुद्राजवळ.

तेलकट_हात
मग टोकन देऊ नका. ही इंजिनं बनवणारी कॉन्टिनेन्टल ओव्हरहॉलसाठी तासांबरोबर 12 वर्षांचीही मुदत सांगते, ती केव्हाच उलटली. 600 तास ऐकायला गोड, पण न चाललेल्या इंजिनात तेलाचा थर खाली उतरतो आणि उघड्या पडलेल्या सिलिंडरला दमट हवेत गंज धरतो. बोरोस्कोप (बारीक कॅमेरा) घालून प्रत्येक सिलिंडरची भिंत बघा. होनिंगच्या (भिंत घासून केलेल्या) तिरप्या रेघा स्वच्छ दिसायला हव्यात, तपकिरी ठिपके दिसले की गंज समजा. कॉम्प्रेशन (सिलिंडर दाब धरतो का) तपासा, तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का बघा. टर्बोच्या एक्झॉस्टला तडे आहेत का तेही. प्रोपेलरचं ओव्हरहॉल वेगळं असतं, त्याचं साल वेगळं विचारा. दोन्ही इंजिनं नव्यानं करायची, असं धरूनच किंमत मागा.

लायकमिंगप्रेमी
लायकमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वर असतो, म्हणून तो गंजतो. कॉन्टिनेन्टलचा खाली, तेलाजवळ. एवढं घाबरवू नका.

तेलकट_हात
कॅम वाचेल. सिलिंडर, होज, सील वाचतात का?

वारा_पश्चिमेचा
भावाच्या लायसनवर मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवायची परवानगी) आहे का? सोलापुरात मे महिन्यात 42 अंशाला हवा पाच हजार फुटांवरच्यासारखी विरळ होते. भरलेली सेनेका एका इंजिनावर जेमतेम चढते. टर्बोमुळे ताकद टिकते, पण पंखाला हवा विरळच मिळते. चालू रेटिंग आणि ताजा सराव नसेल तर दुसरं इंजिन त्याला वाचवणार नाही.

हत्तरसंगकर
रेटिंग आहे, पण बरीच वर्षं दोन इंजिनांवर बसलेला नाही. आधी त्याला इन्स्ट्रक्टरबरोबर पाठवतो. मालकाला बोरोस्कोपचं बोललो, तयार आहे पण म्हणतो माणूस त्याचाच येईल. चालेल का?

तेलकट_हात
नाही. इंजिनिअर तुमचा, पैसे तुमचे, रिपोर्ट तुमच्या हातात. नाही म्हणाला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या.